तुझ्या कंडक्टरच्या बॅगेत काय आहे?

चिरंजीव लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा मिळाली. दोनदा वाचली, पहिल्यांदा नुसती आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस, ‘सर, रोज किती लिहावं? शिस्त कशी लावून घ्यावी?’ त्याचं उत्तर तुझ्या कथेचं बोट धरूनच देतो. नुसती शिस्त सांगणारे तुला पुष्कळ भेटतील.

तुझा नायक एसटीत कंडक्टर आहे. तुझे वडील आयुष्यभर त्याच नोकरीत होते, हे मला ठाऊक आहे. आणि तरी अकरा पानांत हा माणूस एकदाही तिकीट फाडत नाही. डबल बेल देत नाही. सुट्ट्या पैशांवरून त्याचं कुणाशी वाजत नाही. तो खिडकीशी उभा राहतो आणि ‘त्याच्या मनात विचारांचं काहूर माजतं’. लेकी, काहूर कुणाच्याही मनात माजेल. पण तिकिटाच्या मागे ‘बाकी ८’ असं लिहून देणारा माणूस तू लहानपणापासून जवळून पाहिला आहेस. आता समज, म्हातारी फाट्यावर उतरून गेली, गाडी सुटली आणि दोन किलोमीटरवर त्याला आठवलं, की तिचे आठ रुपये आपल्याकडेच राहिले. त्यानं काय केलं? परतीच्या फेरीला त्या फाट्यावर डोकं बाहेर काढून पाहिलं का? की रात्री डेपोत हिशेब भरताना कॅश कमी पडली, त्यात ते आठ रुपये घातले आणि गप्प बसला? यातलं काहीही लिही. मनातलं काहूर वाचकाला आपोआप दिसेल, तो शब्द न लिहिता.

कथालेखकाच्या सवयी टेबलाशी बसण्याच्या फार आधी सुरू होतात, असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडे एक छोटी वही असते, शर्टाच्या खिशात मावेल एवढी. तिच्यात मी फक्त ऐकलेली वाक्यं लिहितो. खाली तारीख आणि जागा. माझं मत, माझं वर्णन, काही नाही. रेशनच्या दुकानात एका बाईंचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता. चार वेळा लावला, पाचव्यांदा पदराला पुसून लावला. मग दुकानदाराला म्हणाल्या, ‘भांडी घासून गेला हो माझा अंगठा, आता कुठनं आणू?’ मी घरी येईपर्यंत ते वाक्य तोंडात घोळवत आलो, कारण त्यातला ‘हो’ आणि ‘कुठनं’ हरवला असता तर बाई हरवल्या असत्या. त्या वाक्याची कथा व्हायला चार वर्षं लागली. त्या बाईंचं गाव, वय, घर सगळं मी बदललं. तेही करावंच लागतं, ज्याचं बोलणं आपण उचलतो त्याला आपल्या कथेतून ओळखलं जाऊ देऊ नये. पण ‘कुठनं आणू’ तसंच ठेवलं.

अशी वही तू आजपासून कर. दिवसाला एक वाक्य पुरे. महिन्याभरात तुला कळेल, की मराठी माणूस रागावल्यावर वाक्य कुठे तोडतो, ‘पण’ कुठे टाकतो, ‘ना’ लावून कशी मनधरणी करतो.

आता बसण्याबद्दल. रोज पाऊण तास, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पानं मोजू नकोस. शंभर पानी साधी वही घे आणि फक्त उजव्या पानावर लिही. डावं पान कोरं सोड. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं वाचून डाव्या पानावर दुरुस्त्या कर, मग पुढे जा. काही दिवसांनी डावी पानं उजव्यांपेक्षा जास्त भरलेली दिसतील, तेव्हा मला फोन कर, मला आनंद होईल. पहिला खर्डा फोनवर टाइप करू नकोस, हा माझा हट्ट समज. कीबोर्ड वरच्या पट्टीत पुढचा शब्द सुचवत राहतो, आणि सुचवतो तो सगळ्यांचा शब्द असतो. ‘डोळ्यांत’ लिहिलं की ‘पाणी’ तयारच.

मग मोठ्यानं वाचणं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्या कथेची खरी अडचण इथे आहे आणि आपल्या भाषेत ती सगळ्यांनाच येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. त्यामुळे बेसावध राहिलं की प्रत्येक वाक्य एकाच खुंटीवर जाऊन अडकतं. तुझा पहिला परिच्छेद बघ: ‘पाऊस पडत होता. फलाटावर गर्दी होती. बाबा एका कडेला उभे होते. त्यांच्या खांद्याला बॅग होती.’ मोठ्यानं वाच. होता, होती, होते, होती. आता मी डाव्या पानावर हे लिहिलं असतं: ‘पाऊस थांबेना. फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. बाबांनी खांद्यावरची बॅग पोटाशी घेतली. भिजली तर आतलं वेबिल भिजेल.’ (वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, हे तुला सांगायला नकोच.) नुसते ‘होता’ काढायचे म्हणून हे केलेलं नाही. ‘बॅग होती’ म्हटलं की बॅग नुसती असते. ती पोटाशी घेतली की माणूस दिसतो, त्याची नोकरी दिसते, त्याची भीती दिसते. सवयीच्या गोष्टींसाठी तर आपल्याकडे ‘यायचे’, ‘आणायचे’, ‘म्हणायचे’ आहे. ‘बाबा रात्री उशिरा यायचे आणि चिल्लर ताटात ओतायचे’ एवढ्या वाक्यात वर्षानुवर्षं बसतात.

अजून एक. तुझ्या कथेतली मुलगी तिसऱ्या पानावर वडिलांना ‘तुम्ही’ म्हणते आणि नवव्या पानावर, दवाखान्यात, ‘तू’. बहुधा तुझ्या नजरेतून सुटलं असेल. मी मात्र तिथे पेन्सिल थांबवली. आमच्या पिढीत आईला ‘ए आई’ आणि वडिलांना ‘अहो’, हे घराघरांत होतं. आता ‘ए बाबा’ सर्रास ऐकू येतं. पण तुझ्या घरात ‘अहो बाबा’ होतं ना? मग ‘अहो बाबा’ म्हणणारी मुलगी ज्या क्षणी ‘ए बाबा, थोडं पाणी पी ना’ म्हणते, तो क्षण म्हणजेच तुझी कथा असू शकते. तिचं तिला कळतं का? त्यांना कळतं का? ते काही बोलतात, की नुसतं पाणी पितात? आपल्या भाषेनं ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ एवढं दिलं आहे; ते चुकून वाया घालवू नकोस.

बोलीबद्दल थोडक्यात: तुझ्या भागाची बोली जरूर लिही, पण प्रत्येक उच्चार अक्षरात उतरवायला जाऊ नकोस, वाचक अडखळतो. वाक्याचा ठेका पकड आणि मोजके शब्द ठेव. शब्दांसाठी कोश उघडायची सवय लाव. मोल्सवर्थचा कोश 1831चा, दुसरी आवृत्ती 1857ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत आला. दोन्ही आज इंटरनेटवर शोधता येतात. एक शब्द बघायला जावं आणि तासभर रमावं, असे ते कोश आहेत. मात्र तिथे सापडलेला शब्द तुझ्या माणसाच्या तोंडात बसत नसेल, तर तो वहीतच राहू दे.

पुनर्लेखनाचा कंटाळा येतो असं तू लिहिलं आहेस. ‘सत्यकथा’ हे वाङ्मयीन मासिक 1982 साली बंद पडलं, पण ते चालू होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक लेखकांना सविस्तर पत्रं लिहून काय हुकलं ते सांगत आणि कथा पुन्हा लिहायला लावत. लेखकही लिहीत. आज बहुतेक संपादकांपाशी तेवढी सवड नाही, म्हणून ते काम आपल्यालाच करावं लागतं. कथा पूर्ण झाली की महिनाभर कपाटात ठेव. मग परक्याची म्हणून वाच.

इथेच दिवाळी अंकांचा विषय येतो. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. मराठी कथेला ती केवढा आधार आहे, हे मी वेगळं सांगायला नको. पण अंक दिवाळीत येतो आणि मजकूर पावसाळ्यातच द्यावा लागतो. तेव्हा यंदाची कथा संक्रांतीच्या सुमारास सुरू झालेली बरी. एकदा मी एका अंकासाठी आठ दिवसांत कथा लिहिली. छापून आली, कौतुकही झालं. आज ती मला वाचवत नाही. शेवटच्या पानावर मी त्यातल्या बाईला मारून टाकलं आहे, केवळ पुढे तिचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं म्हणून. त्या बाईचं मला अजून वाईट वाटतं.

तुझ्या अकराव्या पानावर कंडक्टरला हृदयविकाराचा झटका येतो. तो काढ. त्याऐवजी त्याला मुक्कामी गाडीवर पाठव. शेवटच्या गावात रात्री गाडी उभी, ड्रायव्हर झोपलेला, गावातले दिवे गेलेले, आणि हा एकटा जागा. मला पुढचं ठाऊक नाही, पण तुझ्या घरात ते ठाऊक असलेला माणूस आहे. या रविवारी वडिलांसमोर बस आणि विचार, मुक्कामाला ते कुठे झोपायचे, जेवण कुणाकडून यायचं, पैशांची बॅग रात्री कुठे ठेवायचे. फोनवर विचारू नकोस. ते बोलायला लागले की मध्ये बोलू नकोस, आणि वही जवळ ठेव.

दुसरा खर्डा झाला की पाठव. घाई नाही.

तुझे,
सर