मुलांच्या चड्डीचं इलॅस्टिक इतक्या लवकर सैल का पडतं? रबराचं घ्यावं की लायक्राचं?

तुमच्या बाळाच्या घरी शिवलेल्या चड्ड्या तीन महिन्यांत कमरेतून गळायला लागल्या आणि दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला का असं तुम्ही विचारलंय, तर फसवलंच असेल असं नाही हो. मी बरीच वर्षं घरी लहान मुलांचे कपडे शिवते आणि अशा चड्ड्या माझ्याकडे इतक्यांदा आल्यात की आता मी पहिला प्रश्न हाच विचारते, बाळाला तेल लावता का?

आधी एक करा, सैल झालेलं इलॅस्टिक नेफ्यातून ओढून काढा आणि इंचभर कापून उसवून बघा. वरचे विणलेले धागे पॉलिएस्टरचे, ते अजून धडधाकट असतील. आत शेवयांसारखे पांढरट दोरे दिसतील ते रबर, आणि खरी ताकद त्यांचीच. नवा दोरा चिमटीत धरून ओढला तर सहापट वगैरे लांब होतो आणि सोडला की टचकन परत येतो, तुमच्या चड्डीतला मात्र एकतर ओढताच तुटेल नाहीतर बोटाला चिकटेल.

कारण रबराला तेल अजिबात चालत नाही. मालिश करून आंघोळ घातली तरी अंगावर थोडं तेल राहतंच, ते कमरेच्या पट्टीत उतरतं, रबर ते पितं, फुगतं आणि लिबलिबीत होतं. पटत नसेल तर दोन सारखे रबरबँड घ्या, एक खोबरेलच्या वाटीत दोन-तीन दिवस बुडवून ठेवा आणि मग शेजारी शेजारी ठेवून बघा. दुसरा शत्रू ऊन आणि उष्णता, कपाटातल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला लावलेलं रबर चिकटून वाळून जातं ना तेच इथे होतं, हवेतला ऑक्सिजन रबराला आतून खातो आणि उन्हात, गरम पाण्यात ते काम भराभर होतं. त्यात रबर ताणलेलं असेल तर हवेतल्या ओझोनने बारीक चिरा पडतात, म्हणून चड्डी कमरेत ताणून चिमटे लावून वाळत घालू नका. ब्लीच तर नकोच.

माझं माहेर दोडामार्गकडचं, तिथे केरळहून आलेल्या लोकांनी रबराच्या बागा लावल्यात. पहाटे सालीवर तिरका काप देतात आणि दुधासारखा चीक वाटीत थेंब थेंब उतरतो. तो तसाच ठेवला तर गोठतो, म्हणून अमोनिया घालून पातळ ठेवतात. इलॅस्टिकचा दोरा याच चिकाचा, त्यात गंधक वगैरे मिसळून बारीक नळ्यांतून ॲसिडच्या पाण्यात सोडतात, तिथे तो दोरा होऊन गोठतो, मग धुऊन तापवतात. गंधक आणि उष्णतेची ही युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. त्याच्या आधी, १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबर घालून रेनकोट काढले होते, ते उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचे. गंधकाने तो त्रास खूप कमी झाला, पण तेलाचा आणि उन्हाचा पूर्ण गेला नाही.

आता लायक्रा. तो रबर नाहीच, पॉलियुरेथेनचा धागा आहे, १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्सने काढला. केसासारखा बारीक निघतो, रंग घेतो, आणि घाम-तेल रबरापेक्षा खूपच चांगलं सोसतो. पण ब्लीच आणि कडक इस्त्री यालाही चालत नाही, स्विमिंग पूलच्या क्लोरीनने पोहायचे कपडे ढिले पडतात ते यामुळेच. (सिंथेटिक रबर म्हणाल तर कपड्यात जास्त करून निओप्रीन दिसतं, गुडघ्याच्या पट्ट्यात, डायव्हिंगच्या सूटमध्ये, चड्डीसाठी त्याचा विचार करू नका.)

माझं स्पष्ट मत, तेल लावता त्या बाळाला लायक्रावालं मऊ निटेड इलॅस्टिकच घाला, चार पैसे जास्त गेले तरी. मोठ्या मुलांच्या हाफपँटला, जिथे पकड घट्ट हवी, तिथे रबराचं अजूनही मला जास्त आवडतं, ताणून सोडल्यावर ते जितक्या जोरात परत येतं तितकं लायक्राचं येत नाही.

आणि शिवताना इलॅस्टिकवरून मशीन मारू नका प्लीज, सुई रबराच्या दोऱ्यात घुसली की तो तिथेच तुटतो आणि पट्टी नवी असूनही लाटालाटांची दिसते. नेफा वेगळा शिवा, सेफ्टी पिनने इलॅस्टिक ओवा, आणि मागच्या बाजूला दीड इंचाची फट ठेवून ती नुसती हाताने टाचा, म्हणजे पुढच्या वेळी सगळी चड्डी न उसवता पाच मिनिटांत इलॅस्टिक बदलता येईल.