टॉलरन्सला ‘सहिष्णुता’ म्हणावं का?

प्रश्न असा: यंत्रभागांच्या ड्रॉइंगवरच्या ‘टॉलरन्स’ला मराठीत सहिष्णुता म्हणावं का? आणि ‘टॉलरन्स अ‍ॅनालिसिस’ला काय म्हणावं?

सहिष्णुता नको. तो स्वभावाचा गुण झाला, आणि पोलादी दांड्याला स्वभाव नसतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘सोसणे’ असा आहे, म्हणून भाषांतरकाराचा हात तिकडे जातो. पण इथे कुणी काही सोसत नाही. मापात किती कमीजास्त चालेल ते आधीच ठरवून दिलेलं असतं. त्याला ‘सूट’ म्हणावं.

मात्र सूट म्हणजे फट नव्हे, आणि बोलताना नेमका इथेच घोळ होतो. २५ मिमीच्या भोकात फिरणारा दांडा घ्या. एच७-जी६ या नेहमीच्या जोडीत (एच७ ही भोकाच्या सुटीची प्रमाणित खूण, जी६ दांड्याच्या) भोक २५.००० ते २५.०२१ आणि दांडा २४.९८० ते २४.९९३ मिमी चालतो. म्हणजे भोकाला ०.०२१ची सूट, दांड्याला ०.०१३ची. सूट ज्याची त्याची, फट दोघांमधली. लहानात लहान भोकाला जाडात जाड दांडा आला तर फट ०.००७, उलट झालं तर ०.०४१. या दोन फटींमधला फरक ०.०३४, म्हणजे दोन्ही भागांना दिलेली सूट मिळून जेवढी होते तेवढाच!

त्यातली ०.००७ची मोकळीक मुद्दाम राखलेली असते. इंग्रजीत ती ‘अलाउन्स’. शिवणीत शिंपी सोडतो ती ‘माया’ हा शब्द मला इथे फार खुणावतो, पण माया पुढे उसवून वापरता येते, ही येत नाही. तेव्हा ‘राखीव फट’ बरी.

आता अ‍ॅनालिसिस, म्हणजे भाग जोडल्यावर सगळ्यांची कमीजास्त मिळून किती होते ते काढणं. ‘सुटीचा हिशेब’ म्हटलं की रजेचा अर्ज आठवतो. म्हणून मी ‘कमीजास्तीचा हिशेब’ म्हणतो. १० मिमी जाडीच्या, ०.१ कमीजास्त चालणाऱ्या पाच चकत्या एकावर एक रचल्या, तर उंची ४९.५ पासून ५०.५ पर्यंत कुठेही येऊ शकते. पण पाचही चकत्या एकाच टोकाला असणं विरळा, म्हणून पुष्कळदा प्रत्येक चकतीच्या कमीजास्तीचा वर्ग करून त्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढतात. मग कमीजास्त सुमारे ०.२२ येते. अशी एकावर एक चढत जाणारी कमीजास्त म्हणजे ‘स्टॅक-अप’; तिला काही जण ‘साचत गेलेली चूक’ म्हणतात. ते मला पटत नाही, कारण यातली प्रत्येक चकती तपासणीत पास झालेली असते. साचते ती कमीजास्त.