पातळ पत्र्याला भोक का पडतं

प्रिय बाळा,

फोटो बघितले. व्हॅनच्या दाराखालच्या पत्र्याला वेल्डिंग करताना भोकामागून भोक, आणि "करंट कमी केला तरी फुटतंय" असं तू लिहिलंस. करंटचं नंतर बघू. आधी पत्रा बघ.

गाडी रत्नागिरीकडची, खाऱ्या हवेत उभी राहिलेली. असला पत्रा वरून धड दिसतो आणि आतून गंजाने पोखरलेला असतो. बॉडीचा पत्रा नवा असतानाच जेमतेम ०.७-०.८ मिलिमीटर, त्यातला अर्धा गंजाने खाल्ला, तर वेल्डचा टाका धरणार कशाला? स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबत दाबत मागे सरक. पत्रा दबायचा थांबतो त्याच्याही दोन बोटं मागे काप. बसवायचा नवा तुकडा मोठा होईल, गिऱ्हाईक कुरकुरेल. कापलेला पत्रा त्याच्या हातात दे, बोटाने चुरा होतो ते त्यालाच दिसेल.

कडा दोन्ही अंगांनी चकचकीत घास. झिंकचा थर असेल तर तोही काढ आणि शटर उघडं ठेव. झिंक जळून निघणाऱ्या पांढऱ्या धुराने मला एकदा रात्री हुडहुडी भरून ताप आला होता.

वेल्डिंगची वायर ०.६ मिलिमीटरची लाव. निव्वळ सीओटूपेक्षा आर्गॉन मिसळलेला गॅस घे, त्याने पत्रा कमी फुटतो. सलग शिवण ओढू नकोस. शिकाऊ असताना एका दरवाजावर मी वीतभर ओढली होती. भोक एकही पडलं नाही, पण पत्रा फुगून उठला. दोन दिवस हातोडी आणि डॉलीने (मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्याने) ठोकला, तरी नीट बसला नाही. म्हणून एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मधे. वेल्डिंग गनचा ट्रिगर क्षणभर दाबून सोड. हेल्मेटच्या काचेतून लाल ठिपका काळा पडताना दिसतो, पण तेवढ्यावर जाऊ नकोस. टाक्याच्या शेजारी पालथा हात टेकवता आला, तरच त्याच्याजवळ पुढचा मार.

मागे हात पोचत असेल तिथे तांब्याचा जुना पाइप ठोकून चपटा केलेला धर. वेल्ड त्याला चिकटत नाही आणि उष्णता तो ओढून घेतो. तरीही भोक पडलंच, तर कडेकडेने टाके देत आत ये.

बॅटरीची केबल सोडलीस ना? आतलं कार्पेटही उचल, पाण्याची बादली जवळ ठेव.

शनिवारी येताना त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर दहा टाके मारून आण. मला त्याची मागची बाजू बघायची आहे.

तुझा,
काका