कष्ट करूनही हुकलं, तर त्याला नशीब म्हणायचं का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देताय, दोनदा अगदी थोडक्यात हुकली, आणि जिच्यासाठी हा सगळा आटापिटा चालला होता तीही आता लांब गेली. तेव्हा याला नशीब म्हणू की माझंच चुकलं, असा तुमचा प्रश्न.

मला तत्त्वज्ञान येत नाही. मी बेळगावजवळ येळ्ळूरला राहतो आणि उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवतो. पण थोडक्यात हुकणं काय असतं ते मला माहीत आहे.

बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळं आमच्या भागात पोराला मिसरूड फुटलं की ते पहाटे पळायला लागतं. आमच्या वेळचं भरतीचं गणित अजून पाठ आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर ६० गुण, पाच पंचेचाळीसपर्यंत ४८, त्यानंतर वाटेत दोरी आडवी, मागं राहिले ते बाद. वय साडेसतरा ते एकवीस. एकवीस ओलांडलं की खेळ खलास.

खरं सांगू? देश वगैरे मला नंतर आठवायचा. मला काळी ट्रंक घेऊन बसमधून उतरायचं होतं, आणि उतरताना एका पोरीनं ते बघायला हवं होतं. माझी महत्त्वाकांक्षा एवढीच होती. इतरांची फार वेगळी असते असं मला वाटत नाही, ते फक्त बोलून दाखवत नाहीत.

२०१७ ची भरती माझी शेवटची. मी आणि माझा दोस्त एकाच बॅचला पळालो. तिसऱ्या राऊंडला आमच्या पुढचा एक पोरगा अडखळून आडवा झाला. दोस्त त्याच्या डावीकडून निघाला, मी उजवीकडून, आणि उजवीकडं आणखी दोघं त्याच्यावर पडले. मी उठलो, जीव तोडून पळालो. दोरी माझ्यापासून दोन हातांवर आडवी झाली. दोरीच्या पलीकडं दोस्त गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता.

पुढची दोन वर्षं मी भेटेल त्याला तो पडलेला पोरगा ऐकवला. डावं-उजवं, नशीब, दुसरं काय! ऐकणाराही मान डोलवायचा. मग एकदा रात्रपाळीला उगाच हिशेब मांडून बसलो. सरावात माझी वेळ पाच चाळीसच्या आसपास असायची, दोस्ताची पाच वीस. म्हणजे माझ्या हातात पाच सेकंद शिल्लक, त्याच्या हातात पंचवीस. पाच सेकंदांत पडलेला पोरगा मावत नाही हो, पंचवीसमध्ये मावतो. दोस्त उजवीकडून गेला असता तरी कदाचित आत आला असता.

आणि ही वीस सेकंदं कुठं गेली तेही मला ठाऊक आहे. रविवारी पहाटे तो राजहंसगडाचा चढ पळत चढायचा. मी शनिवारी रात्री उशिरापर्यंत फोनवर, आणि रविवारी तिच्याबरोबर खडेबाजारात. "जाऊन येतो" म्हणून ती बसमध्ये चढायची (आमच्याकडं पोरीही 'येतो'च म्हणतात) आणि मी बस वळेपर्यंत उभा. पुढं तिचं लग्न चंदगडकडं झालं. आता तुम्ही म्हणाल, मग त्या रविवारांचा पस्तावा होत असेल. नाही होत. खूप प्रयत्न करून पाहिला, होत नाही.

दोस्ताच्या ट्रेनिंगचे पहिले दिवस मात्र मला लाज आणतात. कॅम्प घरापासून काही कोसांवर. कुणीतरी म्हणालं, कच्चे असतात त्यांना परत पाठवतात. मी रोज मनात म्हणायचो, येऊ दे परत. लहानपणापासून एका ताटात जेवलेला माझा दोस्त! ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात त्या त्याच्या कसम परेडला मी त्याच्या आईशेजारी बसून टाळ्या वाजवल्या, त्याही खऱ्याच होत्या. दोन्ही एकाच माणसात कसं राहतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

त्या दिवशी दोरीवरून घरी आलो तेव्हा अप्पांनी काही विचारलं नाही. पहाटे रोडला ट्रक असतात म्हणून दोन वर्षं हा माणूस माझ्यामागं सायकलवर बॅटरी धरून आला होता. ओसरीवर बसून त्यांनी माझे बूट घेतले, खुरप्याच्या टोकानं तळव्याच्या खाचांतला चिखल एकेक करून काढला, आणि बूट वळचणीला उन्हात ठेवले. आता ते बूट कुणी घालणार नव्हतं. तुमची माणसं लांब गेली म्हणताय, तर घरात असा कोण आहे ते एकदा बघा.

नशीब मी अजिबात मानत नाही, असंही नाही. माझा आजा मुंबई इलाख्यात जन्मला, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली कर्नाटकात. घराचा उंबरा मात्र तोच. यात त्याच्या कष्टाचा काय संबंध? पण आजा नशीब हा शब्द सीमेला वापरायचा नाही, पावसालाच वापरायचा. आमच्याकडं भाताची धूळवाफ पेरणी करतात. रोहिणीत, आभाळात ढग नसताना, कोरड्या मातीत बी टाकायचं. मृग वेळेवर आला तर साधलं, मध्येच एक सर पडून उघडीप दिली तर कोंब करपतात आणि दुबार पेरणी. पाऊस बघून पेरू म्हणणाऱ्याला मात्र चिखलात कुरी, म्हणजे पेरणीचं अवजार, घालता येत नाही.

गेल्या मे महिन्यात दोस्त रजेवर आला होता. पेरणीला मदत करायला रानात आला. बांधावर भाकरी खाताना म्हणाला, "नशीबवान हाईस गा, रोज घरचं जेवतोस." मी म्हणालो, "आणि तू? पेन्शन आहे, मान आहे." मग दोघंही गप्प. तो उठला आणि मला बाजूला सारून कुरी त्यानं धरली. चार ओळी जातायत न जातायत तोवर बांधावरून अप्पांची हाक आली, "फौजी, ओळ वाकडी चाललीय की रं!"