दुसरा आणि तिसरा टोन वेगळे ऐकू येत नाहीत? जोड्या ऐका

मँडरिन चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो; या सुरांच्या चार चालींना टोन म्हणतात: पहिला उंच सपाट, दुसरा चढता, तिसरा खालचा, चौथा उतरता. सुटं 'मा' ऐकलं की चारही टोन ओळखता, पण वाक्यात दुसरा आणि तिसरा एकच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. कानात काही खोट नाही. तिसऱ्या टोनचं जे रूप तुम्ही पाठ केलंय, ते वाक्यात फारसं येतच नाही.

पुस्तकं तो खाली जाऊन वर येणारा दाखवतात. भाषाशास्त्रज्ञ च्याओ युआनरेन यांच्या १९३० सालच्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर (१ सर्वांत खालची, ५ सर्वांत उंच) तो २१४, म्हणजे २ वरून १ वर उतरून ४ पर्यंत चढणारा. पण हे रूप शब्द एकटा असताना किंवा बोलणं थांबताना. पुढे पहिला, दुसरा किंवा चौथा टोन आला की तिसरा नुसता खाली राहतो, बऱ्याचदा आवाज घोगराही होतो. म्हणून 'खाली-वर' शोधू नका, 'खाली' शोधा. पुढे आणखी एक तिसरा आला, तर मात्र आधीचा तिसरा चक्क दुसरा टोन होतो. 'नी हाओ'मधला 'नी' असाच.

माझा कान उघडला तो तीन शहरांच्या नावांनी: डोंगजिंग (म्हणजे टोकियो), नानजिंग, बेइजिंग (म्हणजे बीजिंग). तिन्हींत 'जिंग' पहिल्या टोनचा, उंच आणि सपाट. 'डोंग'ही तसाच उंच. 'नान' स्वतःच वर चढत जातो. 'बेइ' तळाशी बसून राहतो आणि उडी दोन अक्षरांच्या मधे पडते. ती उडीच नवख्या कानाला चढ वाटते. या तिघांचं रेकॉर्डिंग लावून आठवडाभर फक्त एवढंच ऐका.

गाणं शिकला असाल तर कोणता स्वर लागला ते शोधू नका. प्रत्येकाचा सा वेगळा. पुरुषाचा उंच टोन बाईच्या खालच्या टोनपेक्षाही खाली असू शकतो. पाहायची ती मींड, तीही त्या माणसाच्या पट्टीत.

म्हणूनच एकाच ॲपमधल्या एकाच बाईंच्या आवाजावर विसंबू नका. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात शिकणाऱ्यांना वेगवेगळ्या लोकांचे आवाज ऐकवले. दोन आठवड्यांत, आठ बैठकांत त्यांची ओळख २१ टक्क्यांनी सुधारली. मी तरी रोज दहाच मिनिटं करायचो: ऐकायचं, टोनचे आकडे वहीत लिहायचे, मगच पिनयिन (टोनच्या खुणांसह रोमन लिपीतलं चिनी) बघायचं. आधी बघितलं की कान काम सोडतो.

हे जमलं की 'मेइग्वो' (अमेरिका, तिसरा-दुसरा) आणि 'यिनहांग' (बँक, दुसरा-दुसरा) शेजारी ठेवा. मला सर्वांत जास्त वेळ याच जोडीने घेतला.