किती घट्ट, किती सैल?

मोटरसायकलची चेन खडखडायची म्हणून ताणून घेतली. आवाज गेला, पण चाक हाताने फिरवलं की एका जागी अडल्यासारखं होतं. चालेल का?

नाही चालणार. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. तुमची चेन बहुधा सैल भागात मोजून ताणली गेली आणि घट्ट भाग आणखी आवळला. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल ठेवून मागचं चाक थोडं थोडं फिरवा आणि दोन स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांच्या) मधोमध खालची चेन बोटाने वर-खाली करून पाहा. सर्वांत कमी हलते तिथे खडूने खूण करा. माप तिथेच घ्यायचं. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांत हा खेळ, म्हणजे चेन वर-खाली हलते ते अंतर, 20 ते 30 मिलिमीटर असतो. तुमच्या गाडीचा आकडा आणि मोजताना कोणता स्टँड लावायचा, हे मॅन्युअलमध्ये मिळेल. एका जागी माप बरोबर आणि दुसरीकडे चेन लोंबतेय, असं असेल तर चेन संपली आहे. दोन्ही स्प्रॉकेटसकट बदला.

हा खेळ उगाच ठेवलेला नसतो. मागे कोणी बसलं, गाडी खड्ड्यातून गेली, की मागचं शॉकअप दबतं आणि दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. चेनमध्ये तेवढी ढिलाई नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो. सैल चेन निदान ओरडून सांगते. जास्त ताणलेली गुपचूप बेअरिंग खाते.

आणि हो, इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडका लावू नका. बोटं जातात, ही अतिशयोक्ती नाही.

कारचं ऑइल उरलं होतं, ग्रेडही तीच, म्हणून गाडीत घातलं. आता रेस वाढते, पण गाडी ओढत नाही.

क्लच सटकतोय. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनला ती चांगली, क्लचप्लेटांना नाही. ग्रेड फक्त पातळपणा सांगते. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, आहे का ते बघा. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. प्लेटा जळल्या नसतील तर क्लच पुन्हा पकडण्याची आशा आहे.

गाडी पहिल्यांदाच ट्रेलरवरून न्यायची आहे. साइड स्टँडवर उभी करून दोरांनी करकचून बांधली तर पुरे ना?

हीच चूक मी केली आहे. साइड स्टँडवर, छान ताणून बांधलेली गाडी. पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर शॉकअप दबलं, दोर ढिले पडले आणि गाडी आडवी. क्लच लिव्हर मोडला आणि स्टँड वाकला तो वेगळाच.

स्टँड वर घ्या. पुढचं चाक ट्रेलरच्या चौकटीत घट्ट बसवा, गाडी सरळ उभी, पहिल्या गिअरमध्ये. पुढून दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन शॉकअप, जिथे पकडलेला असतो त्या खालच्या ब्रॅकेटला लावा, हँडलच्या टोकांना नको. पट्टे पुढे आणि बाहेरच्या बाजूला, साधारण 45 अंशांत खाली उतरले पाहिजेत. दोन्ही बाजू आळीपाळीने आवळा, म्हणजे गाडी एका अंगाला झुकणार नाही. फोर्क साधारण निम्मा दबला की थांबा. पूर्ण दाबला तर प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट पट्ट्यांवर आणि फोर्कच्या ऑइल सीलवर येतो. मुळीच दाबला नाही तर माझ्यासारखं होतं. मागचे दोन पट्टे मागचं चाक उडू नये एवढ्यापुरतेच.

पट्टा ब्रेकच्या नळीवर, वायरिंगवर किंवा टाकीला घासत जात नाही ना, ते हात फिरवून तपासा. पट्ट्याला अर्धा पीळ दिला तर वाऱ्यात फडफडत नाही. गाडीचं वजन ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवा. मागे गेलं तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. चढवताना फळी ट्रेलरला बांधून घ्या आणि सोबत एक माणूस ठेवा.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा बघा. नवे पट्टे ताणले जातात, गाडीही जागेवर बसते. पहिल्या थांब्यावर कुठला तरी पट्टा एखादी खाच सैल सापडतोच.

ट्रेलरवर असताना पेट्रोलची टाकी रिकामी करू का? आणि कव्हर घालू?

टाकी रिकामी करायची गरज नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करा. कव्हर मात्र नको. वाऱ्यात ते टाकीवर घासत राहतं, आणि उतरवताना रंगावर पॉलिश पेपर मारल्यासारखे चट्टे दिसतात.