पहिली पावती कोणाच्या घरची

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा देवळातल्या यात्रा कमिटीच्या बैठकीत खजिनदार म्हणून तुझं नाव निघालं, तेव्हा मागून कुणीतरी खुसकन हसलं. आण्णाचे कान गेलेत असं गाव धरून चाललंय, त्यामुळे मला बरंच ऐकू येतं. तू मान खाली घातलीस. पुढच्या बैठकीत घालू नकोस. तू बी.कॉम. झालीस म्हणून तुला निवडलं असं सांगितलं जातंय, पण खरं कारण एवढंच, की माझे गुडघे आता वाडीपर्यंत चालत नाहीत आणि यात्रेची वही अंगावर घ्यायला दुसरा कुणी तयार नाही. वही हातात आहे म्हटल्यावर तुला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, हे त्या हसणाऱ्याला चैत्रात कळेल.

होळी झाली. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्यांवर गर्दी लोटते आणि गावोगावच्या कमिट्या सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, येतात. तिथं विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायला रोख लागते, म्हणून त्याआधी निम्मी वर्गणी तरी पेटीत पाहिजे. म्हणजे तुझं काम उद्यापासूनच सुरू.

वर्गणीला तिघांनी फिरायचं. एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा आणि पुस्तक तुझ्याकडे. पुस्तकं क्रमांक छापून घे, स्थळप्रतीवर समोरच्याची सही घे. क्यूआर कोडचा कागद बरोबर ठेव, पण फोनवर पैसे आले तरी पावती फाडच. पोरं म्हणतात स्क्रीनशॉट आहे की. स्क्रीनशॉट देव्हाऱ्यात लावता येत नाही. आणि एक सरकारी गोष्ट. देवळाचा ट्रस्ट नोंदलेला आहे, पण यात्रा कमिटी स्वतःच्या नावाने पैसे गोळा करते, त्याला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. मी पहिली काही वर्षं ती काढलीच नव्हती, कुणी विचारलं नाही म्हणून. तू आधी काढ.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. घर सोडू नकोस. एकही.

2018 च्या हिवाळ्यात कांदा रुपया-दीड रुपया किलोने गेला, तुला आठवत असेल. मळ्याच्या टोकाला एक घर आहे, त्या माणसाने तर कांदा बाजारात नेलाच नाही, बांधावर ओतला. पुढच्या चैत्रात आम्ही वर्गणीला निघालो तेव्हा मीच म्हणालो, त्याच्याकडे नको, कुठून देईल बिचारा. आम्ही ओढ्याच्या अलीकडूनच वळलो. मला वाटलं, आपण मोठं पुण्य केलं. त्या वर्षी तो पालखीला आला नाही, आखाड्यावरही दिसला नाही. यात्रा उरकल्यावर चारेक दिवसांनी माझ्या दुकानात आला, चहापत्तीचा पुडा घेतला आणि गेलाच नाही. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत थांबला.

"आण्णा, औंदा पुस्तकात माझं घर कुठं गेलं?"

मी म्हटलं, तुझी परिस्थिती बघून सोडलं, बाबा.

"सोडलं? मी काय मेलोय का गाव सोडून गेलोय?"

त्याने पन्नासची नोट काढली आणि तागडीत ठेवली. काउंटरवर नाही, तागडीत. पारडं टकदिशी खाली गेलं. पुस्तक बंद झालं होतं, शेवटचा आकडाही मारला होता. मी तो खोडला, शेवटची पावती फाडली आणि बेरीज पुन्हा केली. त्या वहीत ती एवढी एकच खाडाखोड आहे, तुला दिसेलच.

तेव्हापासून मी माझ्यापुरतं ठरवलं, की वर्गणीचा दर घरटी पाचशे असला तरी विचारणं प्रत्येक दारात व्हायला पाहिजे. देणारा दहा देईल, पायली गहू देईल, पुढच्या सुगीला देतो म्हणेल. जे देईल ते लिही आणि पावती दे. भाड्याने राहणारे, वीटभट्टीवरचे, नव्याने आलेले परप्रांती गवंडी, यांनाही विचार. आमच्या कमिटीत यावर दरवर्षी भांडण व्हायचं. काही जण म्हणायचे, गावकी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेले. मला ते कधी पटलं नाही, पण बावीस वर्षांत मी ते पुरतं मोडूनही काढू शकलो नाही. कबूल करतो.

उलट टोकाला आपले मुंबईकर. त्यांचे आजे गिरण्यांत होते, बाप माथाडी झाले, नातू घणसोली-कोपरखैरण्यात. ते एकरकमी पाठवतात आणि फलकावर नाव पहिलं पाहिजे म्हणतात. गाव म्हणतं, पैसे त्यांचे असतील, पण मांडव आम्ही घालतो, टँकर आम्ही ओढतो. दोघांचंही खरं आहे आणि दोघंही ते माईकवरून बोलायला टपलेले असतात. मी यावर एकच तोडगा काढला होता: फलकावर नावं रकमेप्रमाणे लिहायची नाहीत, पावतीच्या क्रमाने लिहायची. ज्याला वर यायचं त्याने लवकर द्यावं. वर्गणी पाडव्याआधी गोळा व्हायला लागली ती तेव्हापासून. फ्लेक्सवर मात्र कुणाचाच फोटो नको. देवाचाही नको, देव देवळात आहे.

त्यांना तिथी आजच कळव. आपली यात्रा चैत्र वद्य अष्टमीची, आणि तिथी इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. अधिक महिना पडला की पुन्हा उडी मारून पुढे जाते. पूर्वी याचं काही वाटायचं नाही, एप्रिलच्या मध्यावर परीक्षा संपल्या की पोरं गावाला. 2025 ला राज्यभर परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या आणि अष्टमी त्याच्या आतच पडली. पाळणेवाला दुपारभर रिकाम्या पाळण्यात झोपला होता. तारीख बदला असं यंदाही कुणी म्हणेल. त्या वादात तू पडू नकोस, तो पुजाऱ्यांचा आणि मानकऱ्यांचा प्रांत. तू एवढंच बघ, की परीक्षा आडवी येत असेल तर मुलांचे कार्यक्रम 1 मेच्या आसपास वेगळे घेता येतील का. झेंडावंदन असतं, निकाल असतो, ग्रामसभा असते, माणसं जमलेलीच असतात.

तमाशाचं. सुपारी द्यायला तू नारायणगावला जायचं की नाही, यावर पारावर चर्चा झाली म्हणे. जा. विठाबाईंचं गाव आहे ते. त्यांनी फड चालवला, पुढे त्यांच्या लेकीने, मंगला बनसोडे यांनी चालवला. त्या गावात बाईने व्यवहाराला बसणं नवं नाही, आपल्याच पारावर नवं आहे. राहुटीत गेलीस की चहा येईल, मग वहीत तारीख बघतील. घासाघीस कर, पण चैत्रातल्या मोठ्या तिथींना फार ताणू नकोस, कारण त्याच रात्रीसाठी मागे आणखी चार गावं उभी असतात आणि फडाला उरलेलं वर्ष याच दोन महिन्यांवर काढायचं असतं. 2020 आणि 2021 ला यात्रा झाल्या नाहीत, तेव्हा त्या लोकांचं काय झालं ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

रात्रीची अडचण तुला माहीत आहे. ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद. वर्षातून ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, मध्यरात्रीपर्यंत सूट असते, पण ते दिवस आधीच जाहीर झालेले असतात आणि आपली अष्टमी त्यात नसते. मग गण झाला, गवळण झाली, बतावणीला हशा पिकायला लागला, की फौजदार घड्याळ दाखवणार आणि वग, म्हणजे तमाशातलं नाटक, राहणार. म्हातारी माणसं वगासाठीच येतात गं. म्हणून सुपारी देतानाच दुसऱ्या दिवशीच्या हजेरीचं, म्हणजे सकाळच्या खेळाचं, पक्कं कर, आणि उन्हं चढायच्या आत उरकेल अशी वेळ धर. कागदावर लिहून घे.

बैलगाडा शर्यतींचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्याला तुझा चुलता पुरून उरेल. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा आपल्या घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर, गवत उगवलं होतं. डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी आली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला आणि माईकवरचा "झाली झाली"चा पुकारा पुन्हा सुरू. अटी पाळा म्हणजे झालं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय एकाही गाड्याची नोंद घेऊ नकोस. घाटाचा राजा ठरला की त्याला मोटरसायकल द्यायची टूम निघेल. वहीत पैसे नसतील तर नाही म्हण. शिव्या पडतील. त्या मलाही पडल्या.

आखाड्याकडे मात्र स्वतः लक्ष दे. मोठ्या कुस्त्या ठरलेल्या असतात, त्यांचे वस्ताद, त्यांचे आकडे, सगळं आधीच. माझा जीव पहिल्या अर्ध्या तासात असतो, जेव्हा रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. सहा-सात वर्षांची पोरं, चड्डी दोरीने आवळलेली, कुणाच्या तरी आजोबाने हाताला धरून आत ढकललेली. हलगी वाजायला लागली की निम्मी पोरं रडायच्या बेतात. एकदा एक बारकं पोरगं चीत झालं आणि उठेचना. तोंड मातीत, कानात माती, एक डोळा तेवढा उघडा. मी वाकून विचारलं, लागलं का रे? तर म्हणतं, "मला बी रेवड्या देनार का?" रिवाज असा की जिंकलेल्याला ओंजळभर आणि हरलेल्याच्या पाठीवर थाप. त्या दिवसापासून मी दोघांना सारख्या रेवड्या देतो. वस्ताद कुरकुरतात, म्हणे अशाने पोरांना जिंकायची गोडी लागत नाही. दहा वर्षांच्या आतल्या पोराबद्दल मी वस्तादांचं ऐकत नाही. पाच किलो जास्तीच्या रेवड्या आण, त्या माझ्या दुकानातून, हिशोबात धरू नकोस.

आता लाजेची गोष्ट. यात्रेची खरी गर्दी माहेरवाशिणींची असते. त्या लेकरं घेऊन येतात, नारळ फोडतात, बांगड्या भरतात, आईच्या घरी पुरणाचा घास खातात. दिवसभर उन्हात उभ्या राहतात. बावीस वर्षांत त्यांच्या संडासाची सोय करावी असं कमिटीत एकालाही सुचलं नाही, मला धरून. मागच्या वर्षी माझी लेक दुपारीच घरी निघाली तेव्हा कारण विचारलं, आणि तिने सांगितलं. शेवटच्या कुस्तीच्या बक्षिसाचा आकडा थोडा उतरव आणि चार फिरते संडास भाड्याने आण. कुणी बोललं तर आण्णांनी सांगितलंय म्हण. आणि विजेसाठी महावितरणकडून तात्पुरतं मीटर घे, तारेवर आकडा टाकून देवाची रोषणाई नको.

हिशोब. हजेरी उठली की मुंबईच्या गाड्या सुटायच्या आत देवळाच्या ओट्यावर वाचायचा. जमा, खर्च, शिल्लक, आणि तूट आली तर तूट. एका वर्षी मला सतराशे चाळीस रुपयांची तूट आली. लाज वाटली म्हणून खिशातून भरली आणि शिल्लक शून्य वाचली. पुढच्या वर्षी कमिटी म्हणाली, गेल्या साली बरोबर भागलं होतं, यंदा मोठा फड आणू. मला बोलता येईना. ती तूट पुढे तीन वर्षं चालली. तेव्हा आकडा आहे तसा वाच आणि खाली बस. लोक आधी ओरडतात, मग कुणीतरी उठून शंभर टाकतो.

पेटीची चावी तुझ्या आईकडे दिली आहे. आत जुनी पुस्तकं वर्षाप्रमाणे बांधून ठेवली आहेत, 2019 चं वरच आहे. मळ्याच्या टोकाचा तो माणूस कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी गेला. पन्नासची ती पावती त्याची शेवटची, कारण मधली दोन वर्षं यात्राच नव्हती. पोरगा भोसरीला कंपनीत आहे, शनिवारी रात्रीच्या एसटीने येतो. यंदाचं पुस्तक उघडशील तेव्हा आधी ओढा ओलांडून तिकडे जा, मग गावात ये. रविवारी सकाळी लवकर जा, ऊन लागायच्या आत. त्याची आई चहा केल्याशिवाय सोडत नाही आणि साखर फार घालते, तेवढं सोस.

तुझे,
आण्णा